रोन नदीतील राख : देहाच्या पुनरुत्थानाविषयीचा आद्य ख्रिस्ती वाद

आपल्या पूर्व विदर्भात ख्रिस्ती कुटुंबे विरळ आणि विखुरलेली आहेत. एका घरात एक भाऊ ख्रिस्ती आणि बाकीचे हिंदू किंवा बौद्ध, असे चित्र आपल्याकडे दुर्मीळ नाही. अशा घरात मृत्यू झाला म्हणजे रडणे ओसरण्याच्या आतच वाद सुरू होतो. माती द्यायची की अग्नी द्यायचा? अग्नी दिला तर अस्थी वैनगंगेत शिरवायच्या की नाहीत? आणि या साऱ्याच्या तळाशी असलेला, पण सहसा कुणी मोठ्याने न उच्चारलेला प्रश्न असा, की ज्याची राख झाली, तो शेवटल्या दिवशी उठणार कसा?

कोरोनाच्या काळात या प्रश्नाला धार चढली. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महानगरपालिकेने, या रोगाने दगावलेल्या सर्वांचे, धर्म कोणताही असो, दहनच करावे असे परिपत्रक काढले आणि त्याच दिवशी ते बदललेही. परंतु पुढील दीड वर्षात, सक्ती नसतानाही, कितीतरी ख्रिस्ती देहांना अग्नी मिळाला. पुष्कळांच्या जवळ त्या वेळी घरचे माणूस नव्हते, प्रार्थना नव्हती. ‘फादर, आमच्या बाबांचे काही राहून तर गेले नाही ना?’ असे विचारणारी माणसे आजही भेटतात. त्यांना दिलासा देणे सोपे आहे. पण नुसता दिलासा पुरत नाही. त्यामागे आधार लागतो. तो आधार आद्य ख्रिस्तसभेच्या पहिल्या चार शतकांत सापडतो, कारण नेमका हाच प्रश्न त्या लोकांना त्यांच्या शत्रूंनी विचारला होता, आणि तोही हसत हसत.

इसवी सन १७७ मधील गोष्ट आहे. आजच्या फ्रान्समधील लियों हे शहर तेव्हा लुग्दुनुम या नावाने ओळखले जाई. रोन आणि सोन या दोन नद्यांच्या संगमावर ते वसले होते. बादशहा मार्कस ऑरेलियस, स्वतः तत्त्वज्ञ, गादीवर होता. तेथील लहानशा ख्रिस्ती मंडळीवर जमाव उलटला. नव्वदी ओलांडलेले बिशप पोथिनुस मारहाणीनंतर तुरुंगातच गेले. जे रोमचे नागरिक होते त्यांचा शिरच्छेद झाला. इतरांना श्वापदांपुढे टाकण्यात आले. ब्लांदिना नावाची एक दासी होती. अंगाने इतकी नाजूक, की तिच्या मालकिणीलाही, जी स्वतः ख्रिस्ती होती, वाटले की ही टिकणार नाही. तिचा छळ करणारे पाळीपाळीने थकले. ती मात्र हटली नाही. हा सारा वृत्तांत तेथील ख्रिस्ती लोकांनी आशिया प्रांतातील आपल्या बांधवांना पत्राने कळवला आणि इतिहासकार युसेबियसने तो आपल्या ग्रंथात जपून ठेवला.

त्या पत्रातील अखेरचा भाग आपल्या विषयाशी भिडतो. मृतदेह परत मिळावेत म्हणून ख्रिस्ती बांधवांनी विनवण्या केल्या, रात्रीच्या वेळी प्रयत्न केले, पैसाही देऊ केला. मिळाले नाहीत. सहा दिवस देह उघड्यावर ठेवून त्यांवर सैनिकांचा पहारा बसवला गेला. मग ते जाळण्यात आले आणि राख रोन नदीत लोटून देण्यात आली. असे करण्याचे कारण त्या अधिकाऱ्यांनी लपवले नाही. या लोकांना पुन्हा उठण्याची आशा आहे, म्हणूनच ते मरणाला भीत नाहीत. तेव्हा उठायला काही शिल्लकच ठेवू नये, आणि मग यांचा देव यांना सोडवतो का ते पाहू, असा त्यांचा हिशेब होता.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. नदीत राख सोडणे ही आपल्या शेजाऱ्यांच्या घरात श्रद्धेची आणि मायेची कृती आहे. लियोंमध्ये तीच कृती द्वेषाने केली गेली. बाह्य कृती एक, आशय अगदी उलट. ख्रिस्तसभेने पुढे शतकानुशतके दहनाविषयी जी कठोर भूमिका घेतली, तिचे मर्म कळण्यासाठी हा भेद लक्षात ठेवावा लागेल.

लियोंचे ख्रिस्ती खचले का? खचले नाहीत. त्यांना दुःख झाले ते देह मातीत ठेवता आले नाहीत याचे. ते उठणार नाहीत असे त्यांना वाटले नाही. हा फरक त्यांना कुणी शिकवला, हे पाहण्यासाठी आपल्याला थोडे मागे गेले पाहिजे.

पुनरुत्थानाची आशा ख्रिस्ती लोकांनी शून्यातून काढली नाही. यहुदी लोकांत परूशी ती मानत आणि सदूकी नाकारत. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात सात भावांची आणि त्यांच्या आईची कथा आहे. त्यातील तिसरा भाऊ आपले हात पुढे करतो आणि देवाने दिलेले हे हात देवाकडूनच परत मिळतील अशी आशा सांगतो. आत्म्याची नव्हे, हातांची आशा! ग्रीक मनाला मात्र हे पचणारे नव्हते. संत पौल अथेन्समध्ये अरीयपगावर बोलत होते तोवर विद्वानांनी ऐकून घेतले. मेलेल्यांच्या उठण्याचा विषय निघताच काहींनी थट्टा केली आणि काहींनी पुन्हा कधीतरी ऐकू म्हणून पाठ फिरवली. करिंथमध्ये तर बाप्तिस्मा झालेल्या लोकांतच शंका निघाली. मेलेले उठतात कसे, आणि कोणत्या शरीराने येतात, हा त्यांचा प्रश्न पौलाने पहिल्या करिंथकरांस पत्राच्या पंधराव्या अध्यायात घेतला आहे.

त्यांचे उत्तर बी-बियाण्याचे आहे. आपण पेरतो ते पुढे होणारे रोप नव्हे. पेरतो तो नुसता दाणा, गव्हाचा किंवा दुसऱ्या कशाचा. गोंदियाच्या वाचकाने येथे गव्हाऐवजी धान घ्यावे. आपल्याकडे जूनच्या पावसावर धान पेरून पऱ्हे टाकतात आणि मग बांधीत चिखल करून रोवणी होते. कार्तिकात डोलणारे लोंब पाहून, मृगात हातातून सुटलेला दाणा तो हाच, असे कुणाला वाटेल? दाणा हरपतो आणि तरी तोच पुढे येतो. काहीतरी वेगळे उगवत नाही. पौलाला दोन्ही गोष्टी सांगायच्या होत्या. जे उठते ते हेच शरीर, पण जसेच्या तसे नव्हे. आणखी एक गोष्ट आपल्या भातगिरण्यांच्या मुलखात सहज सुचते. टरफलासकट असलेले धान उगवते. गिरणीतून पांढराशुभ्र, चकचकीत होऊन आलेला तांदूळ कितीही जपून पेरला तरी उगवत नाही. देह म्हणजे आत्म्याचा कोंडा, तो काढून टाकला की शुद्ध तांदूळ उरला, असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा. अर्थात दृष्टांताला मर्यादा असते. दाणा खरोखर मेलेला नसतो, हे कोणताही शेतकरी सांगेल.

पौलानंतर एका पिढीने, सुमारे ९६ साली, रोमचे संत क्लेमेंत यांनी करिंथकरांना पुन्हा पत्र लिहिले. त्यांनीही दिवस-रात्र, पेरणी आणि उगवण यांचे दाखले दिले आणि वर अरबस्तानातील फिनिक्स पक्ष्याची गोष्ट सांगितली, जो पाचशे वर्षांनी मरतो आणि ज्याच्या कुजलेल्या देहातील किड्यापासून नवा पक्षी तयार होतो. क्लेमेंत यांना ही गोष्ट खरीच वाटत होती, आणि त्या काळी ती अनेक शहाण्यांनाही वाटे. त्यांच्या श्रद्धेचा भार त्या पक्ष्यावर नव्हता, म्हणून आपण त्यांना हसू नये.

खरा वैचारिक संघर्ष दुसऱ्या शतकात पेटला आणि तो दोन आघाड्यांवर होता. एक आघाडी बाहेरची. केल्सस नावाच्या विद्वानाने १७८ च्या सुमारास ख्रिस्ती धर्मावर सविस्तर ग्रंथ लिहिला. त्याच्या मते कुजलेल्या देहात परत जाण्याची आशा कृमींना शोभेल, माणसाला नव्हे. कोणता आत्मा त्या सडक्या घरात परत जाऊ इच्छील? ख्रिस्ती लोक हे देहाच्या प्रेमात पडलेले अडाणी लोक आहेत, असा त्याचा शेरा होता. दुसरी आघाडी घरातली आणि म्हणून अधिक अवघड. ग्नॉस्टिक म्हणवणारे पंथ स्वतःला ख्रिस्ती म्हणत, पण देह हा तुरुंग आणि सृष्टी ही कुणा दुय्यम शक्तीची चूक असे शिकवत. येशूला खरा देह नव्हताच, तो केवळ भास होता, असे त्यांच्यापैकी काही म्हणत. सुटका म्हणजे देहापासून सुटका.

या दोघांना ज्याने सर्वांत खोल उत्तर दिले, तो लियोंचा माणूस होता. हा योगायोग म्हणता येत नाही. संत इरेनियस १७७ साली तेथील धर्मगुरू होते. मंडळीचे पत्र घेऊन ते रोमला गेले होते. पुढे पोथिनुस यांच्या जागी तेच बिशप झाले. ज्यांची राख रोन नदीत वाहून गेली ती माणसे त्यांच्या ओळखीची, त्यांच्या वेदीपाशी येणारी होती. पाखंडी मतांचे खंडन करणारा त्यांचा पाच भागांचा ग्रंथ त्यानंतरच्या वर्षांत लिहिला गेला आणि त्याचा पाचवा भाग देहाच्या तारणाला वाहिलेला आहे. मला तो भाग वाचताना नेहमी वाटते, की हा माणूस नदीकाठी उभा राहून लिहीत आहे.

इरेनियस यांचे म्हणणे थोडक्यात असे. ज्या देवाने मातीतून, मुळीच काही नसताना, माणूस घडवला, त्याला असलेला माणूस परत उभा करणे अवघड का जावे? पहिले अधिक कठीण होते. आणि दुसरे, अधिक जवळचे : आपण मिस्साबलीत जी भाकर आणि जो द्राक्षारस घेतो, ती सृष्टीतलीच वस्तू, ती ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त होते आणि त्याने आपला हा देहच पोसला जातो. ख्रिस्ताच्या शरीराने पोसलेला देह सार्वकालिक जीवनाला अपात्र आहे, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? देह टाकाऊ असेल तर वेदीवरील भाकरही निरर्थक, आणि वधस्तंभावरील रक्तही निरर्थक.

कार्थेजचे तर्तुलियन हे वकिली बाण्याचे. तिसऱ्या शतकाच्या आरंभी त्यांनी देहाच्या पुनरुत्थानावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. (पुढे ते एका कर्मठ पंथाकडे वळले, म्हणून ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हटले नाही; पण त्यांची लेखणी सगळ्यांनी वापरली.) त्यांचा मुद्दा न्यायाचा आहे. उपवास कोण करतो? देह. पाण्याने कोण धुतला जातो? देह. छळ कुणी सोसला? देहाने. कामात दोघे भागीदार आणि मजुरी मात्र एकट्या आत्म्याला, हा कुठला न्याय? मला हा युक्तिवाद तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने इरेनियस यांच्याइतका खोल वाटत नाही. पण चिखलात वाकून दिवसभर रोवणी करणाऱ्या बाईला तो सर्वांत आधी पटेल. ब्लांदिनाही दासी होती. ग्रीक आणि रोमन जगात दासाच्या देहाला मालकाच्या वस्तूपेक्षा अधिक किंमत नव्हती. तोच देह गौरवाने उठणार, असे म्हणणे ही त्या काळी केवळ परलोकाची गोष्ट नव्हती.

विरोधकांचा एक आक्षेप मात्र खरोखर पेचाचा होता. माणूस समुद्रात बुडाला, त्याला माशांनी खाल्ले, ते मासे दुसऱ्या माणसांनी खाल्ले. आता ते मांस कुणाचे? अथेनागोरस यांच्या नावावर असलेल्या पुनरुत्थानाविषयीच्या ग्रंथात याला उत्तर आहे : मानवी मांस हे माणसाचे स्वाभाविक अन्न नव्हे, म्हणून ते दुसऱ्याच्या देहात कधी मिसळूच शकत नाही. हे उत्तर आज टिकणार नाही. संत ऑगस्टीन यांनी पुढे वेगळी वाट धरली. ते म्हणाले, मांस मुळात ज्याचे होते त्याला ते परत मिळेल आणि दुसऱ्याची उणीव देव भरून काढील. पण माझ्या मते या पेचाच्या मुळाशी पोचले ते ओरिजेन, ज्यांनी केल्ससला २४८ च्या सुमारास ओळीओळीने उत्तर दिले. त्यांनी देहाला नदीची उपमा दिली. नदीतील पाणी क्षणोक्षणी बदलते. तरी आपण तिला तीच नदी म्हणतो. देहातील द्रव्यही आयुष्यभर बदलत असते, म्हातारपणी बालपणातले जवळजवळ काही उरलेले नसते. तरी मी तोच असतो. देहाला ‘माझा’ करते ते द्रव्य नव्हे, त्याची घडण. तेव्हा अमुक कण कुठे गेला, याचा हिशेब देवाला ठेवायची गरज नाही. भर पावसाळ्यात वैनगंगेच्या पुलावर उभे राहिलेल्या माणसाला ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही.

ओरिजेन यांच्यावर नंतर मेथोडियस आणि इतरांनी टीका केली, की अशाने देह विरघळून केवळ आकार उरेल. ती भीती अगदीच निराधार नव्हती. म्हणूनच प्रेषितांच्या विश्वासांगीकारात मूळ लॅटिन शब्द ‘देह’ किंवा ‘मांस’ असाच राहिला. ख्रिस्तसभेने तो सौम्य केला नाही.

मराठी वाचकाला येथे आणखी एक प्रश्न पडतो. पुनरुत्थान आणि पुनर्जन्म यांत फरक काय? दोन्ही शब्द कानाला जवळचे वाटतात, आणि गीतेतील जुने वस्त्र टाकून नवे घेणाऱ्याचा दृष्टांत आपल्या भोवतीच्या प्रत्येक स्मशानात ऐकू येतो. गंमत अशी, की ग्रीकांकडेही जवळपास हाच दृष्टांत होता. प्लेटोच्या ‘फेदो’ या संवादात केबेस नावाचा पात्र विणकराची गोष्ट काढतो, जो एकामागून एक अनेक वस्त्रे विणून वापरतो. म्हणजे आद्य ख्रिस्ती लेखक आपल्यासारख्याच हवेत श्वास घेत होते. संत जस्टिन यांनी, जे १६५ च्या सुमारास रक्तसाक्षी झाले, समुद्रकिनारी भेटलेल्या एका वृद्धाच्या तोंडून विचारले आहे, की मागच्या जन्मीच्या पापासाठी आत्मा पशूच्या देहात शिक्षा भोगत असेल आणि ती कशाची शिक्षा हेच त्याला आठवत नसेल, तर त्या शिक्षेचा उपयोग काय? इरेनियस यांनीही स्मृतीचाच मुद्दा मांडला. तर्तुलियन यांनी तर लोकसंख्येचा हिशेब काढला : मेलेलेच परत जन्मत असतील तर जगातील माणसे वाढतात कशी? या उत्तरांनी पुनर्जन्म मानणाऱ्याचे समाधान होईल असे मी म्हणणार नाही. त्यांच्या परंपरेने यावर सूक्ष्म विचार केलेला आहे. पण ख्रिस्ती भूमिकेचा गाभा त्यातून स्पष्ट होतो. देह हे वस्त्र नाही. मी देहात राहतो असे नव्हे. देह हा मीच आहे. म्हणून एकच जन्म, एकच मरण, आणि याच माणसाचे पुन्हा उठणे.

आता दफनाकडे येऊ. ख्रिस्ती लोकांनी जाळण्याची प्रथा बंद पाडली, असे आपल्याकडे सर्रास समजले जाते. ते अर्धेच खरे आहे. पहिल्या शतकात रोम शहरात दहनच रूढ होते. पण दुसऱ्या शतकापासून ख्रिस्ती नसलेले श्रीमंत रोमनही नक्षीदार दगडी पेट्यांत पुरले जाऊ लागले. ख्रिस्ती लोकांनी यहुद्यांकडून आलेली आणि प्रभूच्या कबरेने पवित्र झालेली रीत चालवली. दफनभूमीला त्यांनी ग्रीकमध्ये झोपण्याची जागा असे नाव दिले. त्यावरूनच ‘सेमेटरी’ हा शब्द आला. झोपलेला माणूस उठतो, एवढेच त्यात सुचवलेले आहे.

पण दफन नसेल तर पुनरुत्थान नाही, असे त्यांनी कधीच म्हटले नाही. मिनुसियस फेलिक्स यांच्या ‘ओक्तावियुस’ या संवादात विरोधक टोमणा मारतो, की ख्रिस्ती लोक चितेला घाबरतात. ओक्तावियुस उत्तर देतो, की कोणत्याही प्रकारच्या अंत्यविधीने आमचे नुकसान होईल असे आम्ही मानत नाही. आम्ही केवळ मातीत ठेवण्याची जुनी आणि अधिक चांगली रीत पाळतो. अंत्युखियाचे संत इग्नेशियस रोमला श्वापदांपुढे जाताना लिहितात, की त्या पशूंनीच माझी कबर व्हावे, म्हणजे माझ्या देहाचा कुणाला त्रास होणार नाही. स्मुर्णाचे वृद्ध बिशप पॉलिकार्प यांचा देह अधिकाऱ्याने जाळला. ख्रिस्ती लोकांनी उरलेल्या अस्थी वेचल्या, योग्य जागी ठेवल्या, आणि त्यांच्या मरणाचा दिवस त्यांचा जन्मदिवस म्हणून पाळू लागले. अस्थी वेचणे हे काही आपल्याला परके नाही.

त्यांचा आग्रह होता तो सन्मानाचा. गरिबाकडे कफनाला पैसे नसतील तर मंडळीच्या सामायिक पेटीतून ते द्यावेत, असे तर्तुलियन सांगतात. तिसऱ्या शतकाच्या मध्यानंतर आलेक्झांद्रियात साथ आली तेव्हा इतर लोक घरच्या माणसांना रस्त्यावर टाकून पळत होते. ख्रिस्ती लोकांनी त्यांना धुतले, पुरले, आणि स्वतःही मेले, असे तेथील बिशप दियोनिसियस यांनी लिहून ठेवले आहे. शंभर वर्षांनी ख्रिस्ती धर्म सोडलेल्या बादशहा ज्युलियनने आपल्या पुरोहिताला कुरकुरत लिहिले, की परक्यांचे आतिथ्य आणि मृतांच्या कबरींची काळजी यांमुळे हे लोक वाढले. विरोधकाची साक्ष म्हणून ती मोलाची आहे.

ऑगस्टीन यांच्या आईची, संत मोनिका यांची गोष्ट वाचकांना माहीत असेल. नवऱ्याशेजारीच आपली कबर व्हावी अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती. जागाही राखून ठेवली होती. ३८७ साली आफ्रिकेतील घरापासून दूर, ओस्तिया बंदरात त्या आजारी पडल्या तेव्हा मुलांना म्हणाल्या, की हा देह कुठेही ठेवा, त्याची चिंता करू नका. फक्त वेदीपाशी माझी आठवण करा. सुमारे ४२१ मध्ये नोलाचे बिशप पावलिनुस यांनी ऑगस्टीन यांना विचारले, की रक्तसाक्ष्याच्या कबरीशेजारी पुरल्याने मृताला लाभ होतो का? त्यांनी छोटा ग्रंथच लिहून उत्तर दिले. अंत्यविधीची शोभा ही जिवंतांच्या समाधानासाठी अधिक, मृतांच्या मदतीसाठी कमी. पण म्हणून देह हेळसांडीचा नाही. वडिलांचे वस्त्र किंवा अंगठी मुलाला प्रिय असते. मग वस्त्रापेक्षा कितीतरी जवळचा असलेला देह प्रिय का नसावा?

इतके स्पष्ट असताना ख्रिस्तसभेने १८८६ साली दहनावर बंदी का घातली? कारण लियोंसारखेच होते. युरोपात, विशेषतः इटलीत, त्या वेळी दहनसंस्था निघत होत्या आणि त्यांतील अनेकांना देह जाळून पुनरुत्थानाचा उपहास करायचा होता. बंदी त्या वृत्तीवर होती. पण तिचा काच हिंदुस्थानात वेगळ्या माणसांना बसला, जेथे अग्नी हा उपहास नव्हता, संस्कार होता.

आपल्याच धर्मप्रांताच्या इतिहासातील एक नाव येथे आठवते. ब्रह्मबांधव उपाध्याय, बंगाली ब्राह्मण, १८९१ साली कॅथलिक झाले. नर्मदेकाठी जबलपुरात त्यांनी १८९९ मध्ये कॅथलिक संन्याशांचा मठ सुरू केला. जबलपूर तेव्हा १८८७ साली स्थापन झालेल्या नागपूर धर्मप्रांतात होते आणि नागपूरचे बिशप पेल्व्हा यांनी आरंभी त्यांना अनुकूलता दाखवली होती. वरून विरोध झाला, मठ मोडला. उपाध्याय २७ ऑक्टोबर १९०७ रोजी कलकत्त्यात वारले आणि त्यांच्या देहाला हिंदू रीतीने अग्नी देण्यात आला. कॅथलिक इतिहासकारांना तो प्रसंग दीर्घकाळ अवघड वाटत राहिला. दुसरे नाव प्रॉटेस्टंट बांधवांचे, पण साऱ्या महाराष्ट्राचे. रेव्ह. नारायण वामन टिळक १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी आगगाडीने निघाले होते, म्हणजे आपल्या गोंदियावरूनच. त्या डब्यात एका युरोपीय गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला. दोन वर्षांनी, १८९५ मध्ये, त्यांचा बाप्तिस्मा झाला. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत वारले तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे दहन करण्यात आले. टिळकांना पुनरुत्थानाचा उपहास करायचा होता, असे कोण म्हणेल?

रोमने ही गाठ १९६३ साली सोडवली. ख्रिस्ती शिकवणुकीच्या विरोधापायी निवडलेले नसेल तर दहनाला मनाई नाही, असे त्या वर्षीच्या आदेशात सांगितले गेले आणि १९८३ च्या धर्मसंहितेने कलम ११७६ मध्ये तेच कायम केले. दफनाची शिफारस राहिली. ओक्तावियुसच्या उत्तराहून यात वेगळे काही नाही. २०१६ साली आणखी खुलासा आला : राख पवित्र जागी, दफनभूमीत किंवा त्यासाठी राखलेल्या स्थानी ठेवावी, ती वाऱ्यावर, जमिनीवर किंवा पाण्यात विखरू नये, दागिन्यांत घालू नये. कारण माणूस निसर्गात विलीन होऊन संपतो, असा अर्थ त्यातून निघू नये, आणि त्याचे नाव व स्थान कुटुंबाच्या आणि मंडळीच्या प्रार्थनेत राहावे. डिसेंबर २०२३ मध्ये रोमने आणखी मोकळीक दिली : अनेकांची राख एका सामायिक पवित्र स्थानी एकत्र ठेवता येईल, मात्र प्रत्येकाचे नाव तेथे नोंदलेले असावे.

तेव्हा हिंदू नातलगांनी अस्थींविषयी विचारले, तर त्यांना रागाने नाही म्हणू नये. आमच्याकडे त्या नदीत न सोडता दफनभूमीत ठेवतात आणि तेथे त्यांचे नाव लिहितात, असे सांगावे. बहुतेकांना ते पटते. कोणी आधीच, न विचारता, वैनगंगेत शिरवल्या असतील, तर रोन नदीतून ब्लांदिना जशी हरवली नाही, तसाच तोही हरवलेला नाही. आणि कोरोनात ज्यांना घरच्यांविना अग्नी मिळाला, त्यांच्या नातलगांनी २ नोव्हेंबरच्या मिस्सासाठी त्यांची नावे धर्मग्रामाच्या कार्यालयात जरूर द्यावीत. मातीत ठेवलेल्यांची आणि राख झालेल्यांची यादी आपण वेगळी करत नाही. वेदीवर ती एकच वाचली जाते.